थकलेल्या हृदयाची सोबत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षीं, आजाऱ्यांच्या दिवशीं, मिस्साबलिदानानंतर वडीलधाऱ्या मंडळीपुढें केलेलें भाषण)



आज फेब्रुवारी महिन्याची ११ वी तारीख. लुर्दच्या पवित्र मातेचा सण. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९२ सालीं हा दिवस जगांतील आजाऱ्यांसाठीं नेमून दिला, आणि १९९३ पासून सर्व ख्रिस्तसभा तो पाळीत आली आहे. आमच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत हा दिवस यावा आणि पुढच्या बांकांवर इतकीं पांढरीं मस्तकें एकत्र दिसावीं, हा आम्ही प्रभूचा प्रसाद समजतों. पन्नास वर्षांपूर्वीं ज्या हातांनीं या मंदिराच्या पायाचे दगड वाहिले, त्यांपैकीं कित्येक हात आज काठीवर टेकलेले आहेत.

महोत्सव म्हटला म्हणजे इतिहास सांगावयाचा, अशी रीत आहे. घंटा कोठून आली, शाळेस जागा कोणीं दिली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हें सर्व आपल्या स्मरणपुस्तिकेंत जाणती मंडळी लिहिणारच आहेत, आणि तें आमच्यापेक्षां चांगलें लिहितील. आम्हांस आज एका लहानशा गोळीविषयीं बोलावयाचें आहे. ती दुबळ्या झालेल्या हृदयासाठीं देतात. डॉक्टर लोक तिच्या जातीस 'बीटा-ब्लॉकर' म्हणतात. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं ती वेदीपाशीं ठेवलेल्या बिस्किटांच्या डब्यांत पडून असते. ती पडून असते, हेंच आमच्या बोलण्याचें कारण आहे.

धर्मगुरूनें औषधांवर बोलावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. आम्ही डॉक्टर नाहीं. सेमिनरींत आम्हांस तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या शिकविली. नाडी पाहावयास कोणीं शिकविलें नाहीं. परंतु दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं, येशूच्या अति पवित्र हृदयाच्या दिवशीं, आम्ही घरोघर आजाऱ्यांस कम्युनियन घेऊन जातों. तेथें बसलें असतां घरची मंडळी औषधांचा डबा पुढें करितात आणि विचारितात, "फादर, यांतलें कोणतें घ्यावें आणि कोणतें सोडावें?" जो प्रश्न डॉक्टरास विचारावयाचा तो आम्हांस विचारिला जातो, कारण डॉक्टर दूर असतो आणि आम्ही ओटीवर असतों. अशा वेळीं आम्हीं दिलेल्या एका उत्तराची गोष्ट आज आपणांस सांगावी असें फार दिवस मनांत होतें.

आपल्याच वाड्यांतील एक वृद्ध गृहस्थ होते. नांव सांगण्याचें कारण नाहीं. ऐन तारुण्यांत त्यांनीं विहिरीवर रहाट हांकला होता आणि म्हातारपणींही पहाटेच्या मिस्साला ते चालत येत. पुढें त्यांच्या पायांवर सूज येऊं लागली, रात्रीं उशीवर उशी ठेविल्याविना झोंप येईना, आणि एके दिवशीं दम कोंडून त्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें. आठ दिवसांनीं ते घरीं आले. बरोबर इतर औषधांसह एक बारीक गोळी होती, आणि दोन आठवड्यांनीं पुन्हां दाखवावयास यावें अशी चिठ्ठी होती. पहिल्या शुक्रवारीं आम्ही गेलों तेव्हां त्यांनीं ती गोळी तळहातावर धरून दाखविली. "फादर, ही घेतली कीं अंगांतलें बळच जातें. चार दिवस घेतली नाहीं, तर बरें वाटलें. सोडूं ना?" आम्हीं म्हटलें, "बाबा, मानवत नसेल तर राहूं द्या. डॉक्टर भेटतील तेव्हां विचारा."

हे शब्द आम्हांस त्या वेळीं मायेचे वाटले. परंतु डॉक्टर भेटले नाहींत. मुलगा नोकरीमुळें अडकलेला, सून लेंकरांत गुंतलेली. चिठ्ठीवरची तारीख आली आणि गेली. पांचव्या आठवड्यांत एका रात्रीं आम्हांस हांक आली. आम्हीं त्यांस तैलाभ्यंगाचा संस्कार दिला आणि तिसऱ्या दिवशीं ते प्रभूकडे गेले. गोळी चालू असती तर ते जगलेच असते, असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं; जन्ममृत्यूचा हिशेब परमेश्वरापाशीं आहे. परंतु दफनविधीनंतर एका डॉक्टर मित्रानें ती गोळी काय करिते हें आम्हांस समजावून सांगितलें, तेव्हां आपण अज्ञानानें जीभ चालविली ही गोष्ट आमच्या मनास लागली. त्यानंतर जें आम्हीं विचारून, वाचून समजून घेतलें, तें आज आपणांपुढें ठेवितों.

प्रथम रोगाचें नांव. आपल्याकडे 'हार्ट फेल झालें' म्हणजे मनुष्य मेला असा अर्थ लोक घेतात. डॉक्टरांचा अर्थ तसा नाहीं. त्यांच्या भाषेंत हृदय बंद पडलेलें नसतें. तें चालत असतें, परंतु शरीरास जितकें रक्त पाहिजे तितकें पुरविण्याची त्याची शक्ति उरलेली नसते. आम्ही त्यास हृदयदौर्बल्य म्हणूं. झटक्यानें हृदयाचा भाग निकामी होणें, पुष्कळ वर्षांचा रक्तदाब, झडपांचे विकार, मद्यपान, अशीं त्याचीं कारणें अनेक आहेत. आणि वय वाढतें तसा तो रोग अधिक आढळतो.

हें दौर्बल्य दिवसेंदिवस वाढतें तें कसें, हें आपणां बागाइतदारांस सांगणें सोपें आहे. आपण रहाट पाहिलेला आहे. बैल फिरतो, पोहरे भरून वर येतात, पाटानें पाणी केळीच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत जातें. आतां बैल थकला असें समजा. शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचेना, म्हणून तेथून माणूस ओरडतो. रहाटापाशीं बसलेला पोरगा बैलास पराणी टोंचतो. बैल दचकून चार फेरे जलद घेतो, पाणी येतें, ओरडणारा गप्प बसतो. परंतु बैल अधिक थकतो. पुन्हां ओरड, पुन्हां पराणी. अशानें तो बैल किती दिवस पुरेल?

शरीरांत असेंच घडतें. हृदयाचा जोर कमी झाला कीं मूत्रपिंडें आणि इतर अवयव पाण्यासाठीं, म्हणजे रक्तासाठीं, ओरड करितात. तेव्हां मज्जातंतूंच्या द्वारें ॲड्रेनलिन आणि त्याच्या जातीचे रस हृदयास टोंचणी देतात. नाडी जलद होते, हृदय जोरानें आकुंचन पावतें, आणि कांहीं दिवस बरें चालतें. परंतु ती पराणी रात्रंदिवस चालू राहिली म्हणजे हृदयाचे स्नायू झिजतात, हृदय फुगतें, आणि त्याचा ताल बिघडून एखादे वेळीं तें एकाएकीं थांबतेंही. बीटा-ब्लॉकर ही गोळी पराणी धरणाऱ्याचा हात आवरते. ती हृदयास नवें बळ देत नाहीं. तें फुकट खर्च होऊं देत नाहीं. हात आवरला कीं बैल पहिले कांहीं दिवस अधिकच सावकाश चालतो, कारण त्यास टोंचणीची संवय झालेली असते. मग विश्रांति मिळून त्याच्या अंगांत पुन्हां ताकद येते. यास आठवड्यांचा नव्हे, कित्येकदां तीन महिन्यांचा किंवा त्याहून अधिक अवधि लागतो. आमच्या वृद्ध गृहस्थांस पहिल्या पंधरवड्यांत जें वाटलें तें खोटें नव्हतें. परंतु त्यापुढें काय होणार होतें तें त्यांस कोणीं सांगितलें नाहीं. आणि आम्हीं तर त्यांची वाटच बंद केली.

या गोळीचा इतिहास बोधप्रद आहे. १९४८ सालीं अमेरिकेंतील रेमंड आल्क्विस्ट या शास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, ॲड्रेनलिनासारखे रस शरीरांत ज्या ठिकाणीं जाऊन काम करितात तीं ठिकाणें दोन प्रकारचीं असावीं. त्यांस त्यानें ग्रीक अक्षरांवरून आल्फा आणि बीटा अशीं नांवें दिलीं. हृदयावरचीं मुख्यतः बीटा जातीचीं. पुष्कळांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. परंतु स्कॉटलंडांत जेम्स ब्लॅक नांवाचे एक संशोधक होते. त्यांचे वडील एका मोटार-अपघातानंतर हृदयाच्या झटक्यानें वारले होते. दुखऱ्या हृदयाकडे अधिक रक्त कसें न्यावें हा विचार इतर करीत असतां ब्लॅक यांनीं उलटा विचार केला, कीं हृदयाचें कामच हलकें कां करूं नये? त्या विचारांतून १९६० नंतरच्या दशकांत प्रोप्रानोलोल हें औषध निघालें, आणि १९८८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

तथापि हें औषध छातींत कळ येणाऱ्यांस आणि रक्तदाबाच्या रोग्यांस दिलें जाई. ज्यांचें हृदयच दुबळें झालें आहे त्यांस तें देणें म्हणजे मरणास आमंत्रण, असें डॉक्टरांस शिकविलें जात असे. आधींच मंद चालणाऱ्या बैलास आणखी मंद कां करावें, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहतां रास्त होता. १९७५ सालीं स्वीडन देशांतील गोथेनबर्ग शहरीं फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अवघ्या सात रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दुबळ्या हृदयाच्या त्या रोग्यांस बीटा-ब्लॉकर दिल्यावर ते सुधारले होते. सातांच्या साक्षीवर जगानें विश्वास ठेविला नाहीं. खात्री पटावयास आणखी वीस-पंचवीस वर्षें गेलीं.

शेवटीं मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत अर्ध्या रोग्यांस खरी गोळी आणि अर्ध्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी देतात, आणि कोणास कोणती हें रोग्यास किंवा डॉक्टरास ठाऊक नसतें. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणींत २६४७ रोगी होते. बिसोप्रोलोल घेणाऱ्या १३२७ पैकीं १५६ मृत्यू पावले, आणि पोकळ गोळी घेणाऱ्या १३२० पैकीं २२८. लाभ इतका उघड दिसला कीं, चाचणी मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली. त्याच वर्षीं सावकाश विरघळणाऱ्या मेटोप्रोलोलची ३९९१ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तींतही शंभर मृत्यूंच्या जागीं सुमारें सहासष्ट झाले. २००१ सालीं कार्व्हेडिलॉलनें अत्यंत दुबळ्या हृदयाच्या रोग्यांतही तसेंच घडविलें. जें विष म्हणून टाळलें जात होतें तेंच प्राणरक्षक ठरलें.

आपण म्हणाल, हें तरुणांचें झालें. आम्हां म्हाताऱ्यांचें काय? प्रश्न योग्य आहे, कारण त्या पहिल्या चाचण्यांतील रोग्यांचें सरासरी वय साठ-पासष्टीच्या आंतबाहेर होतें. म्हणून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या २१२८ रोग्यांवर नेबिव्होलोल या औषधाची चाचणी झाली आणि ती २००५ सालीं प्रसिद्ध झाली. सरासरी वय ७६ होतें. औषध घेणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ३१ जण मृत्यू पावले किंवा हृदयाच्या अथवा रक्तवाहिन्यांच्या विकारानें रुग्णालयांत गेले. न घेणाऱ्यांत हा आंकडा ३५ होता. लाभ पूर्वीच्या चाचण्यांइतका मोठा नाहीं, आणि केवळ मृत्यूंचा विचार केला तर फरक निःसंशय म्हणण्याइतका नव्हता, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु वार्धक्य हेंच औषध नाकारण्याचें कारण होऊं शकत नाहीं, इतकें त्यावरून दिसून आलें.

असें असतां ही गोळी म्हाताऱ्यांपर्यंत पोंचत कां नाहीं? आपल्या देशांतील एक नोंद पाहा. २०१३ सालीं केरळांतील तिरुवनंतपुरम येथें हृदयदौर्बल्यामुळें रुग्णालयांत आलेल्या १२०५ रोग्यांची नोंद ठेवण्यांत आली. ज्यांच्या हृदयाचें आकुंचन क्षीण होतें त्यांपैकीं, नियमाप्रमाणें द्यावयाचीं सर्व औषधें घेऊन घरीं गेलेले रोगी एक चतुर्थांशच भरले. आणि वर्षाच्या आंत शंभरांतील सुमारें तीस जण मृत्यू पावले. केरळ हें आरोग्याच्या कामीं पुढारलेलें राज्य. तेथें ही स्थिति, तर इतरत्र काय असेल याचा आपणच विचार करावा.

आम्हांस याचीं कारणें चार दिसतात. पहिलें, डॉक्टरांची भीति: म्हाताऱ्याची नाडी फार मंद होईल, चक्कर येऊन तो पडेल. दुसरें, रोग्याची भीति: गोळी घेतली कीं थकवा येतो. तिसरें, गोळ्यांची गर्दी: रक्तदाबाची, साखरेची, गुडघ्याची, झोंपेची, त्यांत ही एक हरवून जाते. आणि चौथें, जें आम्हांस सर्वांत मोठें वाटतें, तें हें कीं पुन्हां कोणी परत जात नाहीं. या औषधाचा आरंभ अगदीं थोड्या मात्रेनें करावा लागतो. बिसोप्रोलोलचा आरंभ १.२५, म्हणजे सव्वा मिलिग्रॅमनें होतो, आणि पोंचावयाचें असतें १० मिलिग्रॅमपर्यंत. प्रत्येक पायरी चढण्यापूर्वीं निदान दोन आठवडे थांबून नाडी, रक्तदाब, वजन, सूज पाहावी लागते. म्हाताऱ्यांस त्याहूनही सावकाश न्यावें लागतें. म्हणजे पांच-सहा वेळां दवाखान्याची पायरी चढणें आलें. रिक्षा कोण आणणार? बरोबर कोण जाणार? मग सव्वा मिलिग्रॅमवर वर्षेंच्या वर्षें निघून जातात, किंवा तीही सुटते.

वृद्धांस पूर्ण मात्रा सोसतेच असें नाहीं. युरोपांत ६५ वर्षांवरील ८८३ रोग्यांची एक चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत पोंचून ती टिकविणारे शंभरांत २४-२५ च निघाले. मग औषध बिसोप्रोलोल असो कीं कार्व्हेडिलॉल. पहिल्यानें नाडी अधिक मंद होई. दुसऱ्यानें श्वासाच्या तक्रारी अधिक होत. यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक औषध मानवलें नाहीं तर डॉक्टर दुसरें देऊं शकतो; आणि पूर्ण मात्रा साधली नाहीं म्हणून सर्वच सोडावयाचें नाहीं. जितकी सोसेल तितकी घ्यावी. थोडी मात्रा मुळींच नसण्यापेक्षां बरी, असें या विषयांतील जाणते सांगतात.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक थकवा गोळीचाच असतो असें नाहीं. ज्यांस नकळत पोकळ गोळ्या दिल्या होत्या त्यांतही थकव्याची तक्रार करणारे पुष्कळ निघाले. कारण थकवा हा मूळ रोगाचाच गुण आहे. आपण नवी वस्तु पाहतों आणि जुन्या दुःखाचा आळ तिच्यावर घालतों.

आतां घरीं पाळावयाच्या गोष्टी सांगतों.

गोळी आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये. पराणी धरणाऱ्याचा आवरलेला हात एकदम सोडला तर तो दुप्पट जोरानें टोंचतो. छातींत कळ, धडधड, क्वचित् झटकाही येतो. बंद करावयाची झाली तर डॉक्टरानेंच ती पायरीपायरीनें उतरवावी. रुग्णालयांत किंवा शस्त्रक्रियेसाठीं जावें लागलें तर ही गोळी चालू असल्याचें आधीं सांगावें, आणि घरीं येतांना ती पुन्हां लिहिली आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें. पुष्कळदां ती तेथेंच गळून जाते.

दररोज सकाळीं, लघवीस जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वीं वजन करावें आणि लिहून ठेवावें. तीन दिवसांत दोन किलो वाढलें, पायांवर सूज आली किंवा उशी वाढवावी लागली, तर तारखेची वाट न पाहतां डॉक्टरकडे जावें. नाडी मिनिटास पन्नासाच्या खालीं गेली, भोंवळ आली किंवा शुद्ध हरपली, तरीही तसेंच करावें. पहांटे मिस्साला यावयाच्या घाईंत खाटेवरून झटकन उठूं नये. आधीं बसावें, पाय खालीं सोडावे, मग उठावें. चार मिनिटें उशीर झाला तर प्रभू रागावणार नाहीं.

कार्व्हेडिलॉल अन्नाबरोबर घ्यावें. मेटोप्रोलोल दोन जातींचें मिळतें. दुबळ्या हृदयासाठीं सावकाश विरघळणारी सक्सिनेट जातच सिद्ध झालेली आहे. म्हणून दुकानदारानें 'तीच आहे' म्हणून दुसरी दिली तर चिठ्ठीशीं पडताळून पाहावी. शेजारणीस रक्तदाबासाठीं दिलेली अटेनोलोल याच वर्गांतली असली, तरी या रोगासाठीं तिची अशी परीक्षा झालेली नाहीं. म्हणून उसनी गोळी घेऊं नये. गुडघेदुखीच्या गोळ्या, विशेषतः डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन, शरीरांत पाणी धरून ठेवितात आणि सर्व मेहनत वाया घालवितात. त्या विचारल्याशिवाय घेऊं नयेत. कांचबिंदूसाठीं डोळ्यांत टिमोलोलचे थेंब घालीत असाल तर डॉक्टरास अवश्य सांगा. तेंही बीटा-ब्लॉकरच आहे आणि डोळ्यांतून रक्तांत उतरतें. ज्यांस साखरेचा विकार आहे त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, साखर उतरली असतां होणारी धडधड या गोळीनें झांकली जाते. घाम मात्र येतो, त्यावरून ओळखावें.

आणि ही गोळी सर्वांसाठीं नाहीं, हें तितक्याच स्पष्टपणें सांगतों. ज्यांस दमा आहे, ज्यांची नाडी मुळांतच फार मंद आहे किंवा हृदयाच्या विजेच्या वाटेंत अडथळा आहे, ज्यांचा रक्तदाब फारच खालीं आहे, किंवा ज्यांस या क्षणीं दम कोंडला आहे, अशांस ती नव्यानें सुरू करीत नाहींत, किंवा फार विचारानें देतात. दौर्बल्याचेही प्रकार आहेत. कांहीं हृदयांचें आकुंचन चांगलें असतें, पण तीं ताठ झाल्यामुळें नीट भरत नाहींत. असे रोगी म्हाताऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, पुष्कळ. त्यांच्यांत केवळ या रोगासाठीं या गोळीचा लाभ सिद्ध झालेला नाहीं. आपलें हृदय कोणत्या प्रकारचें, हें टू-डी इको तपासणीनें कळतें. म्हणून आमचें भाषण ऐकून कोणीं गोळी सुरू करूं नये, आणि कोणीं बंदही करूं नये. ऐकून डॉक्टरास प्रश्न मात्र विचारावा: "माझें हृदय कोणत्या प्रकारचें? मला ही गोळी लागू आहे का? आहे, तर मात्रा वाढवावयास केव्हां येऊं?"

कोणी म्हणेल, ऐंशी वर्षें झालीं. आतां परमेश्वर बोलावील तेव्हां जावें, गोळ्यांचा खटाटोप कशाला? हा वैराग्याचा शब्द आम्ही तुच्छ मानीत नाहीं. ख्रिस्तसभा असें शिकविते कीं, आपल्या शरीराची योग्य आणि साध्या उपायांनीं काळजी घेणें हें आपलें कर्तव्य आहे. परंतु लाभाच्या मानानें अति भार होणारे उपाय घेण्यास कोणी बांधलेला नाहीं. जो अंथरुणास खिळला आहे, ज्याचे दिवस भरत आले आहेत, त्याच्या गोळ्या डॉक्टरानें विचारपूर्वक कमी केल्या तर त्यांत दोष नाहीं. परंतु दिवसांतून एक-दोन लहान गोळ्या, ज्यांनीं जिना चढवेल, नातवंडाचें पहिलें कम्युनियन पाहावयास मिळेल, पुन्हां मंदिरापर्यंत येतां येईल, यास आम्ही साधा उपाय म्हणतों. थोरल्यांनीं 'माझें काय उरलें आहे' असें म्हणावें, आणि धाकट्यांनीं तें सोयीचें म्हणून मान्य करावें, हें मात्र वैराग्य नव्हे. आमच्या घरांतील म्हातारे ओझें नव्हेत. तें ऋण आहे आणि तें फेडावयाचें आहे.

भल्या शोमरोन्याचा दाखला आपणांस पाठ आहे. वाटेंत पडलेल्या जखमी मनुष्यास त्यानें तेल आणि द्राक्षारस लावून बांधलें, इतकेंच आपणांस आठवतें. परंतु तो तेथें थांबला नाहीं. त्यानें त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, दुसरे दिवशीं शाळेच्या मालकास पैसे दिले, पुढें अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हां भरीन असें सांगितलें. 'परत येईन' यांतच त्याची सारी दया आहे. पहिली पट्टी बांधणारे पुष्कळ असतात. परत येणारे थोडे. आमच्या वृद्ध गृहस्थांस तेल लावणारे आम्ही होतों. दोन आठवड्यांनीं परत येणारे आम्ही नव्हतों.

म्हणून सुवर्णमहोत्सवाचें स्मारक काय करावें अशी चर्चा चालू असतां आमची एक नम्र सूचना आहे. मंदिरास नवी कमान झाली तर शोभा येईल, तिला आमचा विरोध नाहीं. परंतु त्याआधीं प्रत्येक वाडींतून दोन स्त्रिया किंवा पुरुष पुढें यावे. त्यांनीं आपल्या वाडींतील हृदयदौर्बल्याच्या आजाऱ्यांची, त्यांच्या खुशीनें, आठवण ठेवावी. प्रत्येक आजाऱ्याच्या प्रार्थनापुस्तकांत एक कागद असावा. त्यावर औषधांचीं नांवें, आजची मात्रा, रोजचें वजन, आणि डॉक्टरकडे जाण्याची पुढची तारीख. पहिल्या शुक्रवारीं कम्युनियननंतर आम्ही आणि ते मिळून तीन प्रश्न विचारूं: गोळी चालू आहे ना? तारीख केव्हांची आहे? बरोबर कोण जाणार? बरोबर जाणारें कोणी नसेल तर त्यांनीं जावें. गाडीभाडें नसेल तर महोत्सव निधींतून द्यावें. मात्रेविषयीं मात्र त्यांनीं एक शब्दही बोलूं नये. तो अधिकार डॉक्टरांचा आहे, हें आम्हीं किंमत देऊन शिकलेलें आहे.

पुढच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही पुन्हां फिरूं. एखाद्या ओटीवर कोणी बाबा किंवा आजी तळहातावर गोळी धरून विचारतील, "फादर, सोडूं ना?" तेव्हां आम्ही म्हणूं, "आज सोडूं नका. उद्यां सकाळीं आपण दोघे डॉक्टरकडे जाऊं." आमच्याऐवजीं आपणांपैकीं कोणी तेथें असाल तर आपणही हेंच म्हणावें.

ज्या पवित्र हृदयास आमच्यासाठीं भाला लागला, तें आपल्या थकलेल्या हृदयांस विसांवा देवो; लुर्दची पवित्र माता आपणां सर्वांच्या उशाशीं राहो; आणि परत येण्याची आठवण ती आम्हांस देत राहो. आमेन.